दोष कुणाचा, देणं कुणाचं

अमेरिकेत कुठेतरी गोळीबार झाल्याची बातमी येते, तेव्हा पहिले काही तास सगळे बोलत असतात, पण निकाल मात्र कुणी देत नाही. हेलिकॉप्टरमधून टिपलेली तीच ती दृश्यं फिरत असतात, मृतांचा आकडा दर अर्ध्या तासाला बदलत असतो, पोलिस अधिकारी माइकच्या गर्दीसमोर उभा राहून ‘तपास सुरू आहे’ एवढंच सांगत असतो. सगळ्यांचं लक्ष असतं ते नावाकडे. नाव कळलं की पुढचे संवाद ठरलेले.

नाव मुस्लिम निघालं तर कॉन्झर्व्हेटिव्ह मंडळी विचारतात, ‘या समाजातले लोक आता गप्प का?’ आणि लिबरल मंडळी बजावतात, ‘एका माथेफिरूपायी सगळ्या समाजाला धारेवर धरू नका.’ नाव गोऱ्या तरुणाचं निघालं, त्यातून त्यानं गोळीबाराआधी वर्णद्वेषानं भरलेला जाहीरनामा इंटरनेटवर टाकलेला असला, की संवाद तेच राहतात, फक्त म्हणणारी तोंडं बदलतात. ‘हे एकट्याचं काम नव्हे, यामागे एक संस्कृती आहे,’ असं लिबरल म्हणतात. ‘डोकं फिरलेला होता, त्याचा आमच्याशी काय संबंध?’ असं कॉन्झर्व्हेटिव्ह.

हे नाटक इतक्या वेळा पाहिल्यावर माझा एका सोप्या सूत्रावरचा विश्वास उडाला. सूत्र असं की कॉन्झर्व्हेटिव्ह माणूस जबाबदारी व्यक्तीवर टाकतो आणि लिबरल माणूस समाजावर. गरीब गरीब का, तर एक म्हणणार हातपाय हलवत नाही म्हणून, दुसरा म्हणणार शाळा, वस्ती, रंग, बापाचा पगार सगळंच विरोधात म्हणून. राजकारणावरच्या जवळजवळ प्रत्येक लेखात हे सूत्र कुठे ना कुठे भेटतं. ते खोटं आहे असं नाही. अर्धं आहे.

या अर्ध्याला भक्कम पुरावे आहेत, हे मान्य करायला हवं. ब्रिटनच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी १९८७ साली एका महिला मासिकाला दिलेल्या मुलाखतीत म्हटलं होतं की समाज नावाची काही गोष्टच नाही, आहेत ते पुरुष, बायका आणि कुटुंबं. उलट टोकाला बराक ओबामा. जुलै २०१२ मध्ये व्हर्जिनियातल्या रोआनोक इथल्या सभेत त्यांनी उद्योजकांना सुनावलं की तुमच्या यशामागे कुणी तरी शिक्षक होता, कुणी तरी रस्ते नि पूल बांधले होते, हे सगळं काही तुम्ही एकट्यानं उभारलेलं नाही. कॉन्झर्व्हेटिव्हांच्या रिपब्लिकन पक्षानं ते वाक्य उचललं आणि ‘आम्हीच उभारलं’ ही त्या वर्षीच्या त्यांच्या अधिवेशनाची घोषणा झाली. इथे दोन्ही बाजू आपापल्या जागी प्रामाणिक आहेत. लिबरल अपयशाचा दोष वाटून घेतो तसं यशाचं श्रेयही वाटून टाकतो. कॉन्झर्व्हेटिव्ह दोन्ही ज्याच्या त्याच्या पदरात घालतो.

पण थॅचरबाईंच्या त्या वाक्याचा शेवट लोक सहसा विसरतात. कुटुंबं. म्हणजे समूह तिथेही आहेच. त्याच मुलाखतीत पुढे शेजाऱ्याचं बघणं हे आपलं कर्तव्य आहे असंही त्या म्हणाल्या आहेत. कॉन्झर्व्हेटिव्ह माणसाच्या जगात घर आहे, चर्च आहे, गाव आहे, पलटण आहे, देश आहे. या सगळ्यांचे माणसावर हक्क आहेत आणि ते त्याला विचारून ठरलेले नाहीत. कुणाशी लग्न करावं, कुठल्या देवाला मानावं, झेंड्यासमोर उभं राहावं की नाही, या बाबतीत व्यक्तीला मोकळं सोडा असं म्हणणारा सहसा लिबरल असतो. तोच लिबरल पगार, गुन्हा, आजार यांच्याबद्दल बोलताना व्यक्तीला बाजूला सारून परिस्थितीकडे वळतो. म्हणजे एकाला माणूस जगताना समूहात हवा आहे आणि जाब देताना एकटा. दुसऱ्याला नेमकं उलट. राज्यशास्त्रातली मंडळी हे कितीतरी वर्षं सांगत आली असतील, पण मला हे नीट उमगलं ते परिचयातल्या दोन माणसांमुळे.

एक माझी मैत्रीण. पक्की लिबरल. तुरुंग, बेकारी, व्यसन, काहीही विषय काढा, ती व्यवस्थेपर्यंत जाऊन पोचणार, आणि बहुतेक वेळा तिचं म्हणणं पटणार. तिच्या हाताखाली एक मुलगा काम करायचा, तो रोज उशिरा यायचा. त्याबद्दल तिचं निदान दोन शब्दांचं होतं, ‘आळशी आहे.’ तो कुठून येतो, घरी काय आहे, रात्री दुसरं काम करतो का, हे तिनं विचारलं नव्हतं. दुसरे एक ओळखीचे गृहस्थ, तितकेच पक्के कॉन्झर्व्हेटिव्ह. ‘करावं तसं भरावं’ हा त्यांचा सगळ्या प्रश्नांवरचा उतारा. त्यांचा मुलगा गोळ्यांच्या नादी लागला, तेव्हा त्यांच्या बोलण्यात पहिल्यांदा डॉक्टर आले, औषध कंपनी आली, मुलाची संगत आली, बंद पडलेला कारखाना आला. त्यांचं त्या वेळचं बोलणं मी फार लक्ष देऊन ऐकलं. त्यात एकही गोष्ट खोटी नव्हती.

मानसशास्त्रज्ञांनी या खोडीचा पाठलाग बराच केला आहे. १९६७ साली जोन्स आणि हॅरिस यांनी विद्यार्थ्यांना फिडेल कॅस्ट्रोच्या बाजूनं आणि विरोधात लिहिलेले निबंध वाचायला दिले. लेखकानं कुठली बाजू घ्यायची ते त्याला नेमून दिलेलं होतं, हे वाचणाऱ्यांना स्पष्ट सांगितलं, तरी ते म्हणत राहिले की कॅस्ट्रोची तरफदारी करणारा मनातूनही थोडाफार कॅस्ट्रोवालाच असणार. दहा वर्षांनी ली रॉस यांनी या सवयीला नाव दिलं. समोरच्याचं वागणं त्याच्या स्वभावातून आलं असं धरून चालायचं आणि त्याला वेढून असलेली परिस्थिती दिसूच द्यायची नाही, ही ती सवय.

२००२ साली लिंडा स्कित्का आणि सहकाऱ्यांनी याच्याही पुढे जाऊन पाहिलं. त्यांना आढळलं की पहिल्या झटक्यात लिबरल माणूसही व्यक्तीलाच दोष देतो. मग तो थांबतो, आपली मूल्यं आठवतो आणि दुरुस्ती करतो. लक्ष दुसरीकडे गुंतलेलं असलं, दुरुस्तीला फुरसत मिळाली नाही, की त्याची उत्तरं कॉन्झर्व्हेटिव्हसारखी होतात. हे वाचून लिबरलांना चिमटा काढायचा मोह होतो. पण त्याच गटानं २०१० साली दुसरी बाजूही दाखवली. विषय इराकमध्ये नागरिकांना मारल्याचा आरोप असलेल्या मरीन सैनिकांचा असला, की थांबून परिस्थिती बघण्याचं कष्टाचं काम कॉन्झर्व्हेटिव्ह माणूस करतो: युद्ध होतं, वरून हुकूम होते, क्षणात निर्णय घ्यायचा होता. आणि लिबरल माणूस सैनिकाकडेच बोट दाखवतो. थांबून विचार करण्याची ताकद दोघांतही आहे. ती कुणासाठी खर्च करायची, तिथे मतं फुटतात.

एकदा हे लक्षात आलं की उदाहरणं शोधावी लागत नाहीत. २००८ साली घरकर्जाचा फुगा फुटला. पुढच्या फेब्रुवारीत सरकारनं अडचणीतल्या कर्जदारांसाठी मदत जाहीर केली, तेव्हा शिकागोच्या वायदेबाजाराच्या फडावरून रिक सांतेली हा टीव्ही वार्ताहर थेट प्रक्षेपणात ओरडला की ज्याला बिलं भरता येत नाहीत पण घरात एक जास्तीचं बाथरूम हवं होतं, अशा शेजाऱ्याचं कर्ज तुमच्यापैकी कुणाकुणाला फेडायचं आहे? आजूबाजूचे दलाल हुर्यो करून त्याला साथ देत होते. सरकारी खर्च आणि करांविरुद्धच्या ‘टी पार्टी’ या कॉन्झर्व्हेटिव्ह चळवळीची ठिणगी तिथे पडली असं मानलं जातं. कर्ज घेणारा दोषी, व्यक्ती म्हणून दोषी. पण बँकांच्या बड्या अधिकाऱ्यांचा विषय निघाला की तीच मंडळी सरकारी गृहकर्ज धोरणाबद्दल, फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या सरकारी पाठबळाच्या गृहकर्ज संस्थांबद्दल बोलायची. म्हणजे चक्क व्यवस्थेबद्दल. आणि एरवी तुरुंग कमी करा म्हणणारे लिबरल नावं घेऊन विचारायचे, यातला एक तरी बडा माणूस गजाआड का नाही? २०२१ मध्ये लस न घेणाऱ्यांबद्दल लिबरल मंडळी जे बोलत होती, त्यात शिक्षण, अविश्वास, वस्ती, जुने अनुभव यांना फारशी जागा नव्हती. मूर्ख आणि स्वार्थी, विषय संपला.

या सगळ्यांत अमली पदार्थांचं प्रकरण मला जास्त बोलकं वाटतं, कारण तिथे ही फिरवाफिरवी कायद्यातच लिहून ठेवलेली सापडते. १९८६ चा कायदा असा की पाच ग्रॅम क्रॅक कोकेन सापडलं तर किमान पाच वर्षं तुरुंग. तेवढीच शिक्षा व्हायला भुकटीच्या रूपातलं कोकेन मात्र पाचशे ग्रॅम लागायचं. मूळ पदार्थ एकच. पण क्रॅक शहरांमधल्या काळ्या वस्त्यांत विकलं जायचं, आणि त्या गुन्ह्यात शिक्षा झालेले बहुसंख्य लोक काळे होते. कायद्यावर सही तेव्हाचे रिपब्लिकन अध्यक्ष रेगन यांची असली तरी मतं दोन्ही पक्षांनी दिली होती. व्यसन ही तेव्हा निवड होती. निवडलंस ना, मग भोग. हे शंभरास एक प्रमाण २०१० साली खाली आलं, तेही अठरास एकवर. बरोबरीपर्यंत आजही आलेलं नाही.

मग ओपिऑइडची लाट आली. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेदनाशामक गोळ्यांपासून सुरू झालेली आणि गोऱ्या, ग्रामीण, कॉन्झर्व्हेटिव्ह अमेरिकेच्या घराघरात शिरलेली. २०१५ च्या शरद ऋतूत न्यू जर्सीचे रिपब्लिकन गव्हर्नर ख्रिस ख्रिस्टी न्यू हॅम्पशायरमधल्या एका छोट्या प्रचारसभेत बोलत होते. भांडकुदळ म्हणून ख्याती असलेला हा माणूस. त्या दिवशी आवाज न चढवता त्यांनी आपल्या आईची गोष्ट सांगितली. ती आयुष्यभर सिगारेट ओढायची, तिला फुप्फुसाचा कर्करोग झाला, आणि तेव्हा कुणीही मला येऊन म्हणालं नाही की तिच्यावर उपचार करू नका, तिनं स्वतःच ओढवून घेतलंय. मग गोळ्यांच्या व्यसनात गेलेल्या, वकिलीच्या कॉलेजपासूनच्या मित्राची गोष्ट त्यांनी सांगितली. देखणा, हुशार, यशस्वी, घरदार असलेला माणूस. त्या भाषणाची चित्रफीत लाखो लोकांनी पाहिली, आणि त्यातला कळवळा मला अस्सल वाटतो. फक्त ते ऐकताना १९८६ च्या कायद्यानं पाच ग्रॅमसाठी आत गेलेल्यांच्या आया डोळ्यांसमोर येतात. त्यांच्याही मुलांना कुणीतरी देखणं आणि हुशार म्हणत असेलच.

इथपर्यंत येऊन थांबलं तर निष्कर्ष स्वस्तात मिळतो: सगळे दुटप्पी आहेत. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. हे म्हणून हात झटकता येतात, पण मला ते पुरेसं वाटत नाही. माणसं दुटप्पी आहेत म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही. समूहावर जबाबदारी टाकता येते की नाही, याचं काहीतरी उत्तर असायला हवं, आणि माझ्या मते ते शोधण्याआधी ‘दोष’ आणि ‘देणं’ यांची फारकत करायला लागते. लिबरल बोलताना दोन्हींची सरमिसळ करतात. कॉन्झर्व्हेटिव्ह त्या सरमिसळीचा फायदा घेऊन दोन्ही एकदम नाकारतात.

एडमंड बर्क हा आधुनिक कॉन्झर्व्हेटिव्हांचा मूळपुरुष. अमेरिकन वसाहतींशी तडजोड करा असं सांगताना १७७५ साली ब्रिटिश संसदेत तो म्हणाला की संपूर्ण जनतेविरुद्ध आरोपपत्र कसं लिहायचं याची रीत मला ठाऊक नाही. सामूहिक दोषाविरुद्ध याहून नेमकं वाक्य मी वाचलेलं नाही. पण त्याच बर्कनं पंधरा वर्षांनी समाजाला जिवंत, मृत आणि अजून जन्माला न आलेल्या माणसांमधली भागीदारी म्हटलं. भागीदारीत नफा वाटून येतो तसं कर्जही येतं. म्हणजे मूळपुरुषाकडे दोन्ही गोष्टी होत्या: आरोप सगळ्यांवर ठेवता येत नाही, वारसा मात्र सगळ्यांचा. पुढच्या पिढ्यांनी त्यातलं सोयीचं तेवढं उचललं.

जर्मनीत हा प्रश्न कुणाला टाळताच आला नाही. दुसरं महायुद्ध संपल्यावर तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी दोषाचे चार प्रकार वेगळे काढले: फौजदारी, राजकीय, नैतिक आणि चौथा, ज्याचा हिशेब फक्त देवापाशी. गुन्हा ज्यानं केला त्याचा. पण राज्यानं जे केलं त्याची राजकीय जबाबदारी त्या राज्याच्या प्रत्येक नागरिकावर, त्यानं मत कुणालाही दिलेलं असो. नाझींपासून पळालेल्या विचारवंत हाना आरेंट यांनी दुसऱ्या टोकाकडून सावध केलं: जिथे सगळेच दोषी, तिथे कुणीच दोषी नसतो. ‘आपण सगळेच जबाबदार आहोत’ असं जड आवाजात म्हणणारे लिबरल बघितले की मला हे वाक्य आठवतं. खऱ्या गुन्हेगाराला लपायला इतकी गर्दी दुसरीकडे कुठे मिळणार?

आणि मग कोनराड आडेनाउअर. पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर, ख्रिश्चन डेमोक्रॅट, म्हातारा, कर्मठ कॅथलिक, कुठल्याही मापानं कॉन्झर्व्हेटिव्ह. २७ सप्टेंबर १९५१ रोजी ते पश्चिम जर्मनीच्या संसदेत उभे राहिले. बहुसंख्य जर्मनांना ज्यूंवरच्या अत्याचारांची घृणा होती आणि त्यांचा त्यात सहभाग नव्हता, असं त्यांनी सांगितलं. हे विधान इतिहासकारांना पचण्यासारखं नाही, आणि मलाही पचत नाही. पण लगेच पुढे त्यांचं म्हणणं असं होतं की हे अवर्णनीय गुन्हे जर्मन जनतेच्या नावानं झाले, म्हणून नैतिक आणि आर्थिक भरपाई हे आमच्यावरचं बंधन आहे. दोष नाकारला, देणं स्वीकारलं. पुढच्या वर्षी इस्राएलशी करार झाला, तीन अब्ज मार्कांचा. तो संसदेत मंजुरीला आला तेव्हा आडेनाउअर यांच्या आघाडीतले बरेच जण तटस्थ राहिले, आणि विरोधी बाकांवरच्या सोशल डेमोक्रॅट्सच्या जोरावर तो पार पडला.

अमेरिकेत याचं भावंड शोभेल असं प्रकरण रेगन यांच्याच हातून घडलं. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर, फेब्रुवारी १९४२ मध्ये, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी एका आदेशावर सही केली आणि सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरांतून उचलून काटेरी तारांच्या छावण्यांमध्ये टाकण्यात आलं. त्यांतले जवळपास दोन तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. कुणावर आरोप नाही, खटला नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, इथे सुकं सापडायच्या आधीच ओल्याला काडी लावली. ज्या रूझवेल्टना लिबरल आजही डोक्यावर घेतात, त्यांनी शुद्ध समूहाच्या नावावर दिलेली ही शिक्षा होती. आणि १० ऑगस्ट १९८८ रोजी, तोवर हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर आणि देशाची माफी देणाऱ्या कायद्यावर सही केली ती ‘ज्याची त्याची जबाबदारी’ म्हणणाऱ्या रेगन यांनी.

पहिले धनादेश ऑक्टोबर १९९० मध्ये वॉशिंग्टनच्या एका समारंभात दिले गेले. घेणाऱ्यांमध्ये सर्वांत वडील होते एक १०७ वर्षांचे पाद्री, चाकांच्या खुर्चीत. अॅटर्नी जनरल, म्हणजे न्यायखात्याचे प्रमुख, डिक थॉर्नबर्ग त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि त्यांनी धनादेश त्यांच्या हातात दिला. रूझवेल्ट यांनी सही केली तेव्हा थॉर्नबर्ग नऊ वर्षांचे होते. वैयक्तिक दोषाचा त्यांच्याशी काडीचाही संबंध नव्हता, आणि तसं कुणी म्हणतही नव्हतं. ते ज्या पदावर होते ते पद मात्र १९४२ मध्येही होतं.

पदं मरत नाहीत. माझ्या लेखी सगळी मख्खी इथे आहे. समूहावर जबाबदारी टाकायची तर त्या समूहाला हात हवेत, सही करणारा, खजिना सांभाळणारा, वचन देणारा. सरकारला ते आहेत, कंपनीला आहेत. पर्ड्यू फार्मा या ओपिऑइड गोळ्या विकणाऱ्या कंपनीनं २०२० साली फेडरल गुन्ह्यांची कबुली दिली, तेव्हा कंपनी कशी काय दोषी असू शकते असं कुठल्याही बाजूनं विचारलं नाही. पण ‘गोरे’, ‘मुस्लिम’, ‘पुरुष’, ‘गरीब’ यांना सही करणारा हात नाही. त्यांच्यावर दोष टाकला की तो कुणातरी हाताशी सापडलेल्या माणसावर जाऊन पडतो.

म्हणूनच जून २०१९ मधला वाद मला पूर्ण सुटलेला वाटत नाही. गुलामगिरीच्या भरपाईबद्दल विचारल्यावर रिपब्लिकन नेते मिच मकॉनल म्हणाले की दीडशे वर्षांपूर्वीच्या गोष्टीला आज हयात असलेलं कुणीच जबाबदार नाही. दुसऱ्याच दिवशी प्रतिनिधिगृहाच्या समितीसमोर लेखक टा-नेहासी कोट्स यांनी उत्तर दिलं: दोनशे वर्षांपूर्वीचे तह हे सरकार पाळतं, आणि यादवी युद्धातल्या सैनिकांच्या वारसांना या शतकातही निवृत्तिवेतन देत आलं आहे. हे अक्षरशः खरं होतं. त्या घडीलाही नॉर्थ कॅरोलायनातल्या एका वृद्धेला दरमहा ७३ डॉलर १३ सेंट मिळत होते. तिचे वडील आधी दक्षिणेच्या फौजेत होते, तिथून पळून उत्तरेकडून लढले, आणि त्र्याऐंशीव्या वर्षी त्यांना ही मुलगी झाली. २०२० मध्ये ती वारली तेव्हा ते खातं बंद झालं. हयात असलेलं कुणीच त्या युद्धाला जबाबदार नव्हतं, तरी मासिक देणं बिनबोभाट चालू होतं.

कोट्स यांची बाजू मला जड वाटते. तरी लिबरल मित्र ज्यावरून घाईनं पुढे जातात ती अडचणही खरीच आहे. १९८८ मध्ये यादी होती. माणसं जिवंत होती, छावण्यांच्या नोंदी होत्या, रक्कम ठरवता आली. इथे कुणाला, किती, कशाच्या आधारावर? फक्त गुलामगिरीचा हिशेब, की त्यानंतरच्या शंभर वर्षांच्या भेदभावाचाही, ज्यातले अनेक बळी अजून हयात आहेत? हे ठरवायला अभ्यास लागतो. जपानी अमेरिकनांच्या बाबतीतही १९८० साली आधी आयोगच नेमला होता, आणि १९८३ मध्ये त्यानं वंशद्वेष, युद्धज्वर आणि राजकीय नेतृत्वाचं अपयश अशी तीन कारणं लिहून दिली, तेव्हा कुठे कायद्याची वाट मोकळी झाली.

तसाच आयोग गुलामगिरीसाठी नेमा, एवढीच मागणी करणारं विधेयक प्रतिनिधिगृहातले डेमोक्रॅट सदस्य जॉन कॉन्यर्स यांनी १९८९ मध्ये मांडलं, आणि पुढे ते पुन्हा पुन्हा मांडलं गेलं. पैसे द्या असं त्यात म्हटलेलं नाही, अभ्यास करा म्हटलं आहे. एप्रिल २०२१ मध्ये ते पहिल्यांदा समितीतून बाहेर पडलं. तेव्हा प्रतिनिधिगृह, सिनेट आणि व्हाइट हाउस तिन्ही डेमोक्रॅट्सच्या ताब्यात होती. तरी सभागृहात ते मतदानाला आलं नाही.